प्रभुभोजनाला लायक कोण? कमिटीने दादाला थांबवलंय, तुमचं मत हवंय

नगरची_लेक

सगळ्यांना सलाम. जरा मोठं लिहितेय, पूर्ण वाचून मग उत्तर द्या ही विनंती.

माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, खूप वर्षं दारूत होता. एमआयडीसीतली नोकरी गेली, वहिनी मुलांना घेऊन माहेरी गेली, मावशीचे दागिने गहाण पडले, मंडळीत (आमच्या चर्चमध्ये) येणं तर कधीच सुटलं होतं. गेल्या वर्षी तो स्वतःहून एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायला लागला आणि तेव्हापासून पीत नाही. आता लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू झालाय आणि त्याची एकच इच्छा आहे, ईस्टरला मंडळीत बसून प्रभुभोजन घ्यायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांबरोबर भाकर खायची आणि प्याला प्यायचा.

पाळकसाहेबांना भेटला, त्यांनी विषय कमिटीत ठेवला, आणि कमिटीने सांगितलं की आधी भर उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे काय काय केलं ते सगळं बोलायचं, मग चाळीस दिवस उपास आणि तो झाला की रोज ग्रुपवर टाकायचं, आणि वर्षभर प्रभुभोजन नाही, वर्ष झाल्यावर कमिटी बघेल. आधार म्हणून बायबलमधला १ करिंथ ११ (पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय) दाखवला, की जो अयोग्य रीतीने भाकर खातो नि प्याला पितो तो दंड ओढवून घेतो.

मला शिस्त नको असं अजिबात नाही. पण त्याच ग्रुपवर लोक रोज टाकतायत, आज माझा अमुकवा उपास, आज पहाटे तीनला उठून प्रार्थना, आणि खाली हात जोडल्याच्या रांगा. ज्यांचं सख्ख्या भावाशी जमिनीवरून कोर्टात चालू आहे, बोलणं बंद आहे, ते पहिल्या बाकावरून उठून प्याला घेतात, त्यांना हा अध्याय कोणी दाखवत नाही. आणि दादा म्हणतो, "बरोबरच आहे त्यांचं, मी लायकच नाही." याची मला जास्त भीती वाटते, कारण मन असं खचलं की माणूस परत बाटलीकडे वळतो हे आम्ही घरात आधी पाहिलंय.

वचनाप्रमाणे हे बरोबर आहे का? आणि दादाला मी काय सांगू?

पुण्याचा_वाचक

ताई सलाम. आधी त्या अकराव्या अध्यायाबद्दल, कारण तोच वापरून माणसाला दाराबाहेर ठेवलं जातं आणि पूर्ण अध्याय मात्र कोणी वाचत नाही.

पौल करिंथच्या मंडळीवर का चिडलाय बघा. तिथे प्रभुभोजन म्हणजे खरोखरचं जेवण असायचं, सगळे एकत्र जमून. पण ज्यांच्याकडे होतं ते आधीच बसून खाऊन घ्यायचे, आणि गरीब यायचे तोवर काही उरायचं नाही. २१ आणि २२ वं वचन वाचा, एक भुकेला राहतो आणि दुसऱ्याला चढलेली असते, आणि पौल विचारतो की ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का. ही पार्श्वभूमी आहे. म्हणजे अयोग्य रीतीने खाणं हे तिथे त्या लोकांना लागू आहे जे दुसऱ्याला खाली बघायला लावून स्वतः जेवतात. मग तुमच्या मंडळीत तो इशारा नक्की कुणासाठी आहे, याचा कमिटीने विचार करावा.

अजून एक, २८ वं वचन. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, प्याल्यातून प्यावं. परीक्षा ज्याची त्याने करायची आहे, आणि परीक्षेनंतर खायचं आहे, घरी जायचं नाहीये.

दुसरं म्हणजे क्रम. मला या सगळ्यात तोच महत्त्वाचा वाटतो. जक्कय, लोकांना लुबाडणारा जकातदार, उंबराच्या झाडावर होता, येशू म्हणाला खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो हे जक्कय त्यानंतर बोलला. येशूचा शिष्य पेत्र, त्याने येशूला तीनदा नाकारलं होतं, ते पण उघड्यावर, शेकोटीपाशी लोकांसमोर. योहान २१ मध्ये येशू तलावाकाठी निखाऱ्यांवर मासे आणि भाकर तयार ठेवून त्याला बोलावतो, या न्याहारी करा, आणि तू माझ्यावर प्रीती करतोस का हे तीनदा विचारतो ते जेवण झाल्यावर. तुमच्या कमिटीने हा क्रम उलटा केलाय. आधी सुधार, सिद्ध कर, रोज हजेरी लाव, मग जेव. हे असंच करायचं असेल तर कृपा हा शब्द आपण कशाला वापरायचा, त्याला पगार म्हणू.

ग्रुपवरच्या उपासांबद्दल मी कुणा एकाला बोलत नाही, पण मत्तय ६ मध्ये इतकं स्पष्ट लिहिलंय की उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस. तरी दादाला तर नेमकं कळवायची सक्ती करतायत. याचं मला खरंच वाईट वाटलं.

जुना_पंच

मी बरीच वर्षं कमिटीवर होतो म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

वरच्या भावांनी जे लिहिलं ते ऐकायला फार गोड आहे पण मंडळी चालवणाऱ्याला रोज वेगळंच दिसतं. ईस्टरला रडत येणारे, वेदीपुढे गुडघे टेकणारे आणि मे महिन्याच्या लग्नसराईत परत पिऊन पडलेले मी किती बघितलेत. गाव लहान असतं, मंडळी त्याहून लहान, सगळ्यांना सगळं माहीत असतं, आणि लोक म्हणतात बघा यांच्यात काही केलं तरी चालतं. त्याने प्रभूच्या नावाला काळिमा लागतो. आणि ज्या बाईने मार खाल्ला ती त्याच मंडळीत तिसऱ्या बाकावर बसलेली असते, नवरा प्याला घेतोय हे बघत. तिला काय वाटत असेल?

बोनहॉफरचं नाव ऐकलं असेल, जर्मन पाळक, हिटलरला विरोध केला म्हणून १९४५ मध्ये फाशी दिली. त्याने १९३७ मध्ये स्वस्त कृपेबद्दल लिहिलं, पश्चात्तापाशिवाय क्षमा, मंडळीच्या शिस्तीशिवाय बाप्तिस्मा, पापकबुलीशिवाय प्रभुभोजन, ही सगळी त्याने स्वस्त कृपा म्हटली. हे त्याने काही गंमत म्हणून लिहिलेलं नाही, त्याच्या देशातल्या मंडळ्या अशाच कृपेवर झोपल्या होत्या. आणि १ करिंथ ५ पण पौलानेच लिहिलाय ना, की उघड पाप करणाऱ्या त्या माणसाला तुमच्यातून काढा. फक्त अकरावाच का वाचायचा?

ग्रुपवर उपास टाकणं मला पण पटत नाही, ते काढायला लावा. पण वर्षभर थांब म्हटलं तर त्यात इतकं कठोर काय आहे? खरा पश्चात्ताप असेल तर माणूस थांबतो.

वसईकर

मी कॅथलिक आहे, तुमच्या मंडळीची पद्धत वेगळी असणार, तरी प्रश्न आमचाही आहे म्हणून लिहितोय.

पंच काका, पाचवा अध्याय वाचायलाच हवा, पण मग २ करिंथ २ सुद्धा वाचा, ६ ते ८ वचनं. तिथे पौल एका शिक्षा झालेल्या माणसाबद्दल लिहितो की बहुतेकांनी केलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करा, त्याचं सांत्वन करा, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल. हा पाचव्या अध्यायातलाच माणूस असं पूर्वीपासून पुष्कळांनी मानलंय, काही अभ्यासक नाही मानत, पण कोणी का असेना, शिस्त कशासाठी आणि कुठे थांबवायची हे तिथे आहे. ताईंच्या भावाचं वाक्य बघा, मी लायकच नाही. पौलाला ज्याची भीती होती तीच ही अवस्था.

बोनहॉफरचं म्हणाल तर पापकबुलीबद्दल त्यानेच पुढे लिहिलं की ती सगळ्या मंडळीसमोर करायची गरज नाही, एका भावापुढे केली तरी पुरे, त्या एकामध्ये मला सगळी मंडळी भेटते. म्हणजे कबुली हवीच, पण भर उपासनेत यादी वाचणं हे त्याच्या नावावर टाकू नका.

आमच्याकडे पापनिवेदन एकट्या फादरांपुढे असतं आणि ऐकलेलं ते कुठेही, कुणालाही, जिवावर बेतलं तरी सांगू शकत नाहीत. पहिल्या शतकांमध्ये असं नव्हतं हे पण खरं, तेव्हा मोठ्या पापांसाठी उघड आणि लांबलचक प्रायश्चित्त असायचं, ते पूर्ण झाल्यावरच परत घ्यायचे, आणि लोक त्याच्या भीतीने बाप्तिस्माच मरणापर्यंत लांबवायचे. चर्चने त्यातून शिकून रीत बदलली. आता फादर प्रायश्चित्त सांगतात, पण क्षमा लगेच मिळते आणि प्रायश्चित्त आपण नंतर करतो.

आमच्यात दिखावा नाही असं मी म्हणणार नाही. राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, मिस्सामध्ये (आमच्या उपासनेत) जे शुभवर्तमान वाचतात ते तेच मत्तय ६, उपास लोकांना दिसू देऊ नका, आणि त्यानंतर आम्ही कपाळावर राख घेऊन बाहेर पडतो आणि आता तर फोटो काढतो. दर वर्षी ते वाचन ऐकताना मला आत लागतं. राख मी माती आहे हे सांगायला आहे, मी किती भक्तिमान हे सांगायला नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये लिहिलं होतं की ख्रिस्तप्रसाद (तुमचं प्रभुभोजन) हे परिपूर्ण माणसांना दिलेलं बक्षीस नाही, दुबळ्यांसाठी औषध आणि अन्न आहे. मला यापेक्षा सोपं सांगता येणार नाही.

शमुवेल_अभ्यासक

थोडा इतिहास, कारण हा वाद १७०० वर्षांहून जुना आहे. इ.स. २५० मध्ये सम्राट डेशियसने हुकूम काढला की प्रत्येकाने रोमी देवांना अर्पण करायचं आणि तसा दाखला घ्यायचा. पुष्कळ ख्रिस्ती लोक घाबरले, कुणी अर्पण केलं, कुणी पैसे देऊन नुसताच दाखला मिळवला. छळ थांबल्यावर ते रडत परत आले. रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला यांना परत घ्यायचा अधिकारच मंडळीला नाही, मंडळी शुद्धांची आहे, आणि त्याने वेगळी मंडळी काढली. कार्थेजमध्ये सिप्रियन बिशप होता, तो काही मऊ माणूस नव्हता, पण २५१ च्या सभेत ठरलं की पश्चात्ताप करणाऱ्यांना प्रायश्चित्तानंतर परत घ्यायचं, कुणी किती केलं ते वेगवेगळं बघायचं, आणि मरायला टेकलेल्याला तर थांबवायचंच नाही. पुढे ३२५ च्या निकियाच्या परिषदेनेही लिहून ठेवलं की मरणाऱ्याला शेवटचा प्रसाद नाकारू नका.

मंडळीने तेव्हा शिस्त सोडली नाही आणि दार पण बंद केलं नाही. नोव्हेशियनचे लोक नीतीने कडक होते, चांगले होते, तरीही मंडळी त्यांच्या बाजूने गेली नाही.

अंजिराचं_झाड

मी व्यसनमुक्तीच्या कामात आहे आणि माझे वडीलही प्यायचे, म्हणून मला जे दिसतं ते लिहिते.

पंच काकांनी तिसऱ्या बाकावरच्या बाईबद्दल लिहिलं ते एकदम खरं आहे आणि बाकी कुणीच ते लिहिलं नव्हतं. कृपेच्या गप्पा मारताना आपण बहुतेक वेळा पडलेल्या पुरुषाबद्दलच बोलतो आणि त्याच्या बायकोला मात्र सांगतो, देवाने क्षमा केली ना, मग तू पण कर, ये परत. असं करू नका. देवाची क्षमा दादांना आजच आहे, पण वहिनींनी घरात कधी घ्यायचं, घ्यायचं की नाही, हे त्यांनी त्यांच्या वेळेने ठरवायचं. प्रभुभोजन मिळालं म्हणजे घर परत मिळालं असा अर्थ कुणी काढता कामा नये, आणि हे पाळकसाहेबांनी दादांना समोर बसवून सांगायला हवं.

पण काका, म्हणूनच उघड साक्षीला माझा पूर्ण विरोध आहे. भर उपासनेत दादा उभे राहून बायकोला कसं मारलं, मुलांची फी कशी उडवली हे सांगणार, म्हणजे ती वहिनींची आणि मुलांची पण गोष्ट सगळ्या गावाला सांगणार, त्यांना न विचारता. मुलं त्याच शाळेत जातात, त्याच संडे स्कूलला बसतात. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये पाचवी पायरी आहे की आपल्या चुकांचं खरं रूप देवापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे कबूल करायचं. एका. आणि नववीत आहे की ज्यांचं नुकसान केलं त्यांची थेट भरपाई करायची, पण तसं केल्याने त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल तर नाही. हे १९३० च्या दशकात पिणाऱ्या लोकांनी स्वतःच्या अनुभवातून लिहिलंय आणि मला ते आपल्या कमिट्यांपेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं.

चाळीस दिवसांच्या उपासाबद्दल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नका. खूप वर्षं प्यालेल्या माणसाचं लिव्हर, साखर, झोप सगळं नाजूक असतं, आणि भूक, राग, एकटेपणा, थकवा यातच परत पिण्याची ओढ वाढते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या मंडळीत प्याल्यात काय असतं ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी साधा द्राक्षांचा रस असतो, पण काही ठिकाणी खरी वाइन असते. वाइन असेल तर दादांसाठी वेगळ्या कपात रस ठेवायला सांगा किंवा नुसती भाकर घेऊ दे. वरच्या वसईकर भावांच्या चर्चमध्ये नुसता प्रसाद घेतला तरी पूर्ण मानतात. कमिटीला खरंच दादांची काळजी असती तर हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला असता.

केडगावची

ताई, तुमचा दुसरा प्रश्न राहिला की, दादांना काय सांगू.

मी केडगावला मुक्तिमिशनच्या जवळ, म्हणजे पंडिता रमाबाईंनी काढलेल्या आश्रमाजवळ वाढले, म्हणून त्यांचंच सांगते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजमध्ये झाला. शास्त्र पाठ, संस्कृत पाठ, प्रश्न विचारून विचारून, सगळं तपासून घेतलेला निर्णय. परत येऊन १८८९ ला शारदा सदन काढलं. आणि तरी त्यांनीच स्वतःच्या साक्षीत नंतर लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, कितीतरी वर्षं. एवढी विद्वान, एवढं काम करणारी बाई, आणि मनाला शांती नाही. ती मिळाली तेव्हा काही मोठा पराक्रम केला म्हणून नाही, आपल्या हातात काही नाही, ख्रिस्तानेच केलंय, हे कळलं म्हणून.

मग त्या बाईने काय केलं बघा. दुष्काळात शेकडो मुली-बायका केडगावला आणल्या, त्यात अशा कितीतरी होत्या ज्यांच्यावर वाटेत अत्याचार झाले होते, ज्यांना समाज बिघडलेल्या म्हणायचा. त्यांच्यासाठी वेगळं घर काढलं आणि त्याचं नाव ठेवलं कृपासदन. आधी वर्षभर सिद्ध करा मग या, असं तिथे नव्हतं. आणि काम, शिक्षण, प्रार्थना, कडक वेळापत्रक हे सगळं आत आल्यावर होतं, भरपूर होतं. शिस्त आणि कृपा एकत्र कशी राहते हे महाराष्ट्राच्या मातीतच कुणी करून दाखवलंय.

दादांना म्हणावं, तुम्ही लायक नाही हे खरं आहे, वाद घालू नका त्याच्यावर. मी पण नाही, पाळक पण नाहीत. येशूच्या गोष्टीत एक परूशी (धर्म कडक पाळणारा) आणि एक जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात. जकातदार लांब उभा राहून छाती बडवत एवढंच म्हणाला की देवा, मज पाप्यावर दया कर, आणि येशू म्हणाला हाच नीतिमान ठरून घरी गेला. तो परूशी खोटारडा होता असं लिहिलेलं नाही हं, तो आठवड्यातून दोनदा उपास करत होता, दशमांश देत होता, सगळं खरं करत होता. पण बाजूच्या माणसाकडे बघून मोजत होता. आणि जकातदाराची प्रार्थना झाल्या दिवशीच ऐकली गेली, वर्षभराने नाही.

नगरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, मावशीला मोठ्याने वाचून दाखवलं सगळं.

दादाशी बोलले. केडगावच्या ताईंचं ऐकून तो बराच वेळ गप्प होता मग म्हणाला, लायक नसून पण जाता येतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तो पाळकसाहेबांपुढे एकट्याने बसून सगळं बोलायला तयार आहे, काहीही न लपवता. उघड साक्ष देणार नाही, मुलांसाठी. उपास डॉक्टरांना विचारून. प्याल्याचं मी विचारलं, आमच्याकडे रसच असतो.

वहिनीला मी फोन केला, अंजिराचं झाड ताईंनी लिहिलं म्हणून. ती म्हणाली त्याने प्रभुभोजन घेतलं तर मला काहीच हरकत नाही, पण मला परत ये म्हणून कुणी सांगायला यायचं नाही. मी शब्द दिलाय.

पंच काका, तुम्हाला एक विचारायचंय. कमिटीपुढे हे कसं मांडू? आमच्यातली बायकांची बाजू ते ऐकून घेत नाहीत.

जुना_पंच

बेटा, दोन तीन दिवस विचार करत होतो. शिस्त लागते हे माझं मत आहेच. पण २ करिंथ २ मी परत वाचला आणि वसईकर म्हणतात तो मुद्दा मला मान्य आहे, पौलाच्या शिस्तीला शेवट आहे, आणि वर्ष झाल्यावर कमिटी बघेल याला काही शेवट नाही. उघड साक्षीचं पण पटलं, मुलांचा विचार मी कधी केला नव्हता.

तोंडी मांडू नकोस, तोंडी विषय वाहून जातो. पत्र लिही, दादाच्या सहीचं, पाळकसाहेबांच्या नावाने, एक पान पुरे. त्यात लिही की मी पाळकांपुढे पूर्ण पापकबुली द्यायला तयार आहे, एएच्या मीटिंगला जातो आहे, कमिटीने एक भाऊ नेमावा जो दर आठवड्याला माझ्याशी बोलेल आणि मी त्याला खरं सांगेन. एवढं दिलंस तर शिस्त नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. मग खाली विचार, की मला प्रभुभोजनापासून कोणत्या वचनाच्या आधारे आणि कोणत्या तारखेपर्यंत थांबवलंय ते लेखी कळवावं. वहिनीच्या बाजूचं वेगळं एक वाक्य टाक की कुटुंबाबाबत मंडळीने तिच्यावर दबाव आणू नये, ते दादानेच लिहिलेलं बरं, त्याला वजन येईल.

कमिटीची सभा झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) आधी असणार, तर पत्र या आठवड्यातच दे. आणि तो नेमायचा भाऊ वयस्कर असू दे, ग्रुपवर उपास न टाकणारा. तुमच्या मंडळीत कोणी नसेल तर इथेच मेसेज कर, मी नगरला येऊन जाऊन असतो, दादाबरोबर बसेन.